परकी भाषा, आपले आभाळ : जर्मनच्या पहिल्या धड्यांविषयी काही विचार



परकी भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांचा एक क्रम ठरून गेलेला असतो. आधी नमस्कार, मग नाव-गाव, मग घड्याळ आणि वार, आणि त्यानंतर हवामान. जर्मन भाषेची प्राथमिक पुस्तकेही याच वाटेने जातात. ‘आज हवा कशी आहे?’ या साध्या प्रश्नापाशी येईपर्यंत विद्यार्थ्याची भीती थोडी कमी झालेली असते. आणि नेमक्या याच ठिकाणी भाषेचे व्याकरण पहिल्यांदा आपले खरे रूप दाखवते.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात जर्मनची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले व्यवहाराचे आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक होऊ पाहणारी ग्रामीण भागातील मुले-मुलीही जर्मनचे वर्ग शोधू लागली आहेत. आपल्यापैकी कुणी स्वतः, कुणाचे भावंड, कुणाचे अपत्य आज ‘ए-१’, ‘ए-२’ या पातळ्यांच्या तयारीत असेल. दुसरे उत्तर अभ्यासाचे आहे. आपल्या भाषेचे व्याकरण आपल्याला सहसा दिसत नाही, कारण आपण त्याच्या आत राहतो. शेजारी दुसरे घर उभे राहिले म्हणजे आपल्या घराची रचना लक्षात येते.

या लेखात मला मांडायचे मत एवढेच आहे : जर्मन वाक्याची रचना मराठी विद्यार्थ्याने मराठीच्या आधाराने शिकावी, इंग्रजीच्या मध्यस्थीने नव्हे. आणि त्या शिक्षणाचा आरंभ परदेशातील आभाळापासून न करता साताऱ्याच्या आणि सांगलीच्या आभाळापासून करावा.

(पुढे जर्मन वाक्ये देवनागरीत दिली आहेत. शब्दाच्या शेवटी अनुस्वार असेल तेथे उच्चार ‘असं’, ‘बरं’ यांतल्यासारखा करावा.)

कर्ता नसलेले वाक्य

जर्मन माणूस ‘पाऊस पडतो’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘एस रेग्नेट’. यातील ‘रेग्नेट’ हे क्रियापद पावसाचे आहे. पण ‘एस’ म्हणजे कोण? शब्दशः अर्थ ‘ते’. कोणते ‘ते’? या प्रश्नाला उत्तर नाही. जर्मन वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवणे आवडत नाही, म्हणून तेथे हे नाममात्र सर्वनाम बसवले जाते. ‘एस डोनर्ट’ म्हणजे गडगडते आहे, ‘एस ब्लिट्स्ट’ म्हणजे वीज चमकते आहे, ‘एस हागेल्ट’ म्हणजे गारा पडत आहेत, ‘एस श्नाइट’ म्हणजे हिमवृष्टी होते आहे. सगळीकडे तेच निराकार ‘एस’.

वर्गात हा भाग आला की तो इंग्रजीच्या दाखल्याने उरकला जातो. इंग्रजीतही असेच ‘इट’ असते, ते पाठ करा आणि पुढे चला. ज्याचे इंग्रजी चांगले आहे त्याचे काम भागते. ज्याचे इंग्रजी स्वतःच डळमळीत आहे त्याच्यावर मात्र एका न कळलेल्या भाषेच्या आधाराने दुसरी भाषा समजून घेण्याची वेळ येते. माण तालुक्यातील किंवा जत तालुक्यातील मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी येथेच मागे पडतो, आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो.

वास्तविक या रचनेची गुरुकिल्ली त्याच्या स्वतःच्या बोलीत आहे. आपण म्हणतो, ‘घाट उतरेपर्यंत उजाडले.’ ‘कराडला पोहोचण्यापूर्वीच सांजावले.’ ‘सकाळपासून सारखे गडगडते आहे.’ ‘दुपारनंतर भरून आले.’ या वाक्यांत कर्ता कोण? काय उजाडले? काय भरून आले? आपल्याला उत्तर देता येत नाही, आणि उत्तर नसल्याचे आजवर जाणवलेलेही नसते. मराठी व्याकरणात अशा क्रियापदांना ‘भावकर्तृक’ किंवा ‘अकर्तृक’ म्हणतात. क्रियापदाचा भाव, म्हणजे क्रिया स्वतःच, तेथे कर्त्याचे काम करते, असा त्या संज्ञेमागील विचार आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या परंपरेतील ही संज्ञा आपण शालेय व्याकरणात एक गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करतो आणि विसरून जातो.

आता ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘आले’ या रूपांकडे पुन्हा पाहा. ती सर्व नपुंसकलिंगी एकवचनी आहेत. जर्मनमधील ‘एस’ हेही नपुंसकलिंगी एकवचनी सर्वनाम आहे. जर्मन भाषा जे स्वतंत्र शब्दाने दाखवते, तेच मराठी क्रियापदाच्या प्रत्ययात साठवून ठेवते. ज्या विद्यार्थ्याला ‘सांजावले’ कळते, त्याला ‘एस रेग्नेट’ कळायला इंग्रजीची गरज नाही. त्याला एवढेच सांगावे लागते की मराठीने प्रत्ययात झाकलेले ‘ते’ जर्मनमध्ये उघडपणे उच्चारायचे असते.

एक गंमतही येथे नोंदवण्यासारखी आहे. ‘एस डेमर्ट’ हे जर्मन वाक्य पहाटेसाठीही चालते आणि तिन्हीसांजेसाठीही. उजेड आणि अंधार यांचा संधिकाल एवढाच त्याचा अर्थ. आपण मात्र ‘उजाडते’ आणि ‘सांजावते’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे वापरतो. कोणती भाषा संपन्न आणि कोणती दरिद्री, असा निवाडा अशा तुलनेतून करायचा नसतो. प्रत्येक भाषा कोठे भेद करते आणि कोठे करत नाही, हे पाहायचे असते.

‘मला’ आणि ‘मीअर’

दुसरे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे. थंडी वाजत असताना इंग्रजी बोलणारा ‘मी थंड आहे’ अशी रचना करतो. तिचे शब्दशः जर्मन ‘इश बिन काल्ट’ असे होते, आणि नवा विद्यार्थी हमखास तेच लिहितो. जर्मन माणसाला मात्र त्यातून ‘मी भावनाशून्य आहे’ असा काहीसा अर्थ ऐकू येतो. योग्य वाक्य ‘मीअर इस्ट काल्ट’ हे आहे. ‘मीअर’ म्हणजे ‘मला’.

आपण काय म्हणतो? ‘मला थंडी वाजते.’ ‘मला उकडते.’ चुकूनही आपण ‘मी थंड आहे’ म्हणत नाही. शरीराला जाणवणारी थंडी किंवा उष्णता ही मी केलेली क्रिया नसून मला आलेला अनुभव आहे, हा भेद मराठी आणि जर्मन या दोन्ही भाषा पाळतात. ‘मला उकडते’ याला ‘मीअर इस्ट हाइस’ हे जवळजवळ तंतोतंत उत्तर आहे. येथे तर ‘एस’ देखील गळून पडते आणि वाक्य अगदी मराठी वळणाचे होते. म्हणजे या ठिकाणी मराठी विद्यार्थी इंग्रजी जाणणाऱ्यापेक्षा पुढे उभा असतो. तरीही तो चुकतो, कारण त्याला ‘मला उकडते’ हे आधी इंग्रजीत नेऊन मग जर्मनमध्ये आणायला शिकवलेले असते. सरळ पायवाट असताना आडवळणाने नेण्याचा हा प्रकार आहे.

तीन लिंगे आणि क्रियापदाची जागा

मराठीने आपल्याला आणखी एक देणगी दिली आहे, ती म्हणजे तीन लिंगे. जर्मनमध्ये पुल्लिंगी नामापूर्वी ‘डेर’, स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘डी’ आणि नपुंसकलिंगी नामापूर्वी ‘डास’ येते. निर्जीव वस्तूला लिंग असते हे इंग्रजी भाषकाला पचवावे लागते. आपल्याला ते ‘तो वारा, ती वीज, ते धुके’ म्हणताना उपजतच कळते. (आपल्याकडचा डास पुल्लिंगी आहे, तेथील ‘डास’ मात्र नपुंसकलिंगाची खूण आहे, एवढे ध्यानात ठेवावे!)

तथापि लिंग असते हे ठाऊक असणे निराळे आणि ते कोणते हे ठाऊक असणे निराळे. पाऊस दोन्हीकडे पुल्लिंगी : ‘डेर रेगन’. वाराही पुल्लिंगी : ‘डेर विंट’. हवामान दोन्हीकडे नपुंसकलिंगी : ‘डास वेटर’. येथवर सख्य आहे. पण सूर्य तेथे स्त्रीलिंगी होतो : ‘डी झोनं’. ढग स्त्रीलिंगी होतो : ‘डी वोल्कं’. आपली वीज तेथे पुल्लिंगी होते : ‘डेर ब्लिट्स’. आपले धुकेही पुल्लिंगी : ‘डेर नेबल’. म्हणून मराठीचे लिंग जर्मन नामाला परस्पर लावू नये. प्रत्येक नाम त्याच्या ‘डेर-डी-डास’सह तोंडपाठ करावे. मराठीचा आधार घ्यावा म्हणताना तो कोठे संपतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हीच सावधगिरी ‘पडणे’ या क्रियापदाबाबत बाळगावी. मराठीत पाऊस पडतो, ऊन पडते, थंडी पडते, धुके पडते, दव पडते, चांदणे पडते आणि दुष्काळही पडतो. एका क्रियापदावर आपण सारे आभाळ तोलून धरले आहे. जर्मनमध्ये तसे चालत नाही. ऊन पडले की ‘डी झोनं शाइन्ट’, म्हणजे सूर्य प्रकाशतो. गोठवणारी थंडी पडली की ‘एस फ्रीर्ट’. पाऊस पडला की ‘एस रेग्नेट’. ‘पडणे’चा शब्द शब्दकोशात शोधून सगळीकडे बसवू पाहणाऱ्याची वाक्ये मराठीच राहतात.

राहिला क्रियापदाच्या जागेचा प्रश्न. साध्या जर्मन विधानात क्रियापद दुसऱ्या जागेवर ठाण मांडून बसते. ‘हॉयटं रेग्नेट एस’ म्हणजे आज पाऊस पडतो आहे. ‘इन महाबळेश्वर रेग्नेट एस इम यूली श्टार्क’ म्हणजे महाबळेश्वरला जुलैत जोराचा पाऊस पडतो. वाक्याच्या आरंभी वेळ येवो वा स्थळ येवो, ‘रेग्नेट’ दुसरेच राहते आणि ‘एस’ त्याच्या मागे सरकते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने हे आपल्याला अवघड वाटते. परंतु ‘कारण’ सांगणारे गौण वाक्य आले की जर्मन क्रियापद शेवटी जाते : ‘वीअर ब्लायबन त्सू हाउझं, वाइल एस रेग्नेट.’ आम्ही घरी थांबतो, कारण पाऊस पडतो आहे. भूतकाळातही मुख्य क्रियावाचक रूप शेवटीच येते : ‘गेस्टर्न हाट एस इन तासगाव गेहागेल्ट.’ काल तासगावात गारपीट झाली. इंग्रजीच्या सवयीने वाचणाऱ्याला ही शेवटची जागा खटकते. मराठी माणसाला ती घरच्यासारखी वाटायला हवी.

कोणते आभाळ?

आता माझ्या मताच्या दुसऱ्या भागाकडे येतो. प्राथमिक पुस्तकांतील हवामान युरोपचे असते. चार ऋतू, त्यांची चार चित्रे, हिमाच्छादित छप्पर, पानगळ. ते असायलाच हवे, कारण भाषा ज्या भूमीची आहे ती भूमी कळल्याशिवाय भाषा कळत नाही. परंतु विद्यार्थ्याने पहिले वाक्य स्वतःच्या अंगणाविषयी बोलावे, असा माझा आग्रह आहे. ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिच्याविषयीचे वाक्य पाठ होते. अनुभव असलेल्या गोष्टीविषयीचे वाक्य तयार करावे लागते. भाषा दुसऱ्या मार्गाने येते.

आणि या अभ्यासासाठी सातारा-सांगलीसारखा प्रदेश शोधून सापडणार नाही. हे दोन जिल्हे एकेकाळी एकच होते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे विभाजन झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. ज्यांचे नाव आपल्या मुक्त विद्यापीठाने धारण केले आहे, ते यशवंतराव चव्हाण याच भूमीतील देवराष्ट्रे गावी १९१३ साली जन्मले. या एका पट्ट्यात किती प्रकारचे आभाळ आहे पाहा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील दहिवडी-म्हसवडकडे तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. बर्लिनचा वार्षिक पाऊसही सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेरच आहे. फरक असा की तो बारा महिन्यांत विभागला जातो, आणि माणदेशाचा पाऊस काही थोड्या आठवड्यांवर अवलंबून असतो. म्हणून एकाच जिल्ह्यातील दोन विद्यार्थी दोन भिन्न वाक्ये लिहितील. एक लिहील, ‘एस रेग्नेट श्टार्क’. दुसरा लिहील, ‘एस रेग्नेट झेल्टन’, म्हणजे क्वचित पाऊस पडतो. दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध असतील, आणि मुख्य म्हणजे दोन्ही खरी असतील.

हवामानाची भाषा म्हणजे केवळ गप्पांची सुरुवात, असेही समजू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा ‘पाणी किती फुटांवर?’ हा त्या शहरातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. जुलै २०२१ मध्ये १४ आणि १५ तारखांना जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच महिन्याच्या अखेरीकडे पाटण तालुक्यात दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या आणि कृष्णेला पुन्हा पूर आला. पुराला जर्मनमध्ये ‘डास होखवासर’ म्हणतात, शब्दशः ‘उंच पाणी’. रस्त्यावरील न दिसणाऱ्या बर्फाच्या थराला ‘डास ग्लाटआइस’ म्हणतात. पहाटेच्या पाळीसाठी सायकलने निघालेल्या आपल्या एखाद्या परिचारिकेला हा दुसरा शब्द ठाऊक नसेल, तर त्याची किंमत तिला परीक्षेतील एका गुणाने नव्हे, मोडलेल्या मनगटाने द्यावी लागेल. हवामानाचा धडा ‘सोपा’ म्हणून ओलांडू नये, तो यासाठी.

उलट दिशेने आलेला विद्यार्थी

भाषेचा हा रस्ता दुतर्फा आहे. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) हे जर्मन अभ्यासक हायडेलबर्ग विद्यापीठात काम करत. ते मराठी शिकले, आणि ग्रंथालयात न थांबता धनगरांच्या वाड्यांवर गेले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. धनगरांच्या मौखिक ओव्या त्यांनी आस्थेने ऐकल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीचा बिरोबा आपल्याला ठाऊक आहेच. मेंढपाळाचे सारे जीवन पावसाच्या हिशेबाने चालते : कोठे गवत उगवले, कोठे पाणी आटले, केव्हा कळप हलवायचा. ते समजून घेऊ पाहणाऱ्या परदेशी माणसाला आमच्या पावसाचे शब्द शिकावे लागतात. वळीव, झड, भुरभुर, उघडीप, मळभ. मृगाचा पाऊस आणि हस्ताचा पाऊस. यांतील कित्येकांना जर्मनमध्ये एका शब्दाचा पर्याय मिळणे कठीण आहे. तेथे वाक्य रचूनच सांगावे लागते. सोन्थायमरांसारखा अभ्यासक जर मराठी शिकताना मराठीच्या भूमीत उतरतो, तर जर्मन शिकताना आपण आपली भूमी सोडून देण्याचे कारण नाही.

एका आक्षेपाचा विचार

या मतावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. इंग्रजी आणि जर्मन या एकाच कुळातील भगिनी आहेत; ‘विंट’, ‘झोमर’, ‘वेटर’, ‘डोनर’ हे शब्द इंग्रजी जाणणाऱ्याला आपोआप ओळखू येतात. शिवाय पुस्तके, शब्दकोश आणि चाचण्यांची तयारी इंग्रजीच्या आधारानेच उपलब्ध असते. मग इंग्रजीला दूर ठेवून विद्यार्थ्याचे नुकसान का करावे?

हा आक्षेप मी अंशतः मान्य करतो. शब्दसंग्रहासाठी इंग्रजीचा उपयोग अवश्य करावा. हाताशी असलेले साधन टाकून देण्यात शहाणपण नाही. परंतु शब्द ओळखणे आणि वाक्य रचणे ही दोन निराळी कामे आहेत. वाक्याच्या बाबतीत, म्हणजे ‘मला’ची रचना, तीन लिंगे, शेवटी जाणारे क्रियापद आणि कर्त्यावाचूनची क्रियापदे यांत, मराठी ही जर्मनची अधिक चांगली दुभाषी आहे. शब्दांसाठी इंग्रजी आणि वाक्यासाठी मराठी, अशी वाटणी केली तर कोणाचेच नुकसान होत नाही. आणि ज्याच्याकडे इंग्रजीचे भांडवल नाही, त्याला वर्गाच्या दारातूनच परत जावे लागत नाही.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला हे विशेष लागू पडते. आपल्यासमोर रोज शिक्षक नसतो. नोकरी, शेती, घर सांभाळून रात्री पुस्तक उघडायचे असते. अशा विद्यार्थ्याजवळ एकच साधन चोवीस तास असते, ते म्हणजे त्याची मातृभाषा. तिच्याविषयी न्यूनगंड बाळगून तो अभ्यासाला बसला, तर सर्वांत भरवशाचे साधन त्याने स्वतःहून बाजूला ठेवल्यासारखे होईल.

म्हणून शेवटी एक साधा स्वाध्याय सुचवतो. एक वही करा. सलग १५ दिवस रोज सकाळी दाराबाहेर येऊन आभाळ पाहा आणि हवेविषयी एक मराठी वाक्य लिहा. पुस्तकी नको, घरात बोलतात तसे. त्या वाक्यात कर्ता आहे का, तो कोणत्या लिंगाचा आहे, ‘मला’ आहे की ‘मी’ आहे, हे खाली नोंदवा. जर्मन शिकत असाल तर त्याखाली जर्मन वाक्य लिहा. शिकत नसाल तर नोंद तेवढी पुरे. पंधराव्या दिवशी वही वाचाल तेव्हा जर्मनची थोडी आणि मराठीची पुष्कळ ओळख झालेली असेल. ‘भरून आले’ हे वाक्य आपण आयुष्यभर बोलत आलो. त्यात कोण भरून आले, हा प्रश्न मात्र तेव्हा पहिल्यांदा पडलेला असेल.